खालच्या शेतातलं पाणी

कुसुममावशींच्या घरात नळ नुसता वाहिलेला चालत नसे. भांड्यांना साबण लावेपर्यंत मी नळ तसाच ठेवला, की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "कोण गं ते पाणी वाया घालवतंय?" घरात आम्ही दोघीच, त्यामुळे उत्तर त्यांना माहीत असायचं. तांदूळ धुतलेलं पाणी टोमॅटोच्या रोपांना, भाजी धुतलेलं पाणी पायऱ्यांशेजारच्या गुलाबाला. आणि हे सगळं अशा घरात, जिथे मार्च-एप्रिलमध्ये बेसमेंटमध्ये पाणी शिरू नये म्हणून पंप दिवसभर घरघरत असे आणि बाहेरच्या चरात धो धो पाणी फेकत असे. एकदा मी ते बोलून दाखवलं.

"ते जमिनीचं पाणी," त्या म्हणाल्या. "हे माझ्या हातातलं. माझ्या हातातलं मी सांडू देणार नाही."

मी परभणीला कृषी शिकले. काळ्या मातीत वाढले. २०१५ साली नवऱ्याबरोबर कॅनडात, ब्रॅम्पटनला आले, काही महिने वेअरहाऊसमध्ये खोक्यांना टेप लावली, आणि मग ऑन्टॅरिओच्या पार दक्षिणेला, शेतांच्या निचऱ्याची कामं करणाऱ्या एका छोट्या कंपनीत माती तपासायची नोकरी मिळाली. रोज जाऊन येणं शक्य नव्हतं. आठवड्याचे पाच दिवस राहायला खोली हवी होती. ऑफिसातल्या बाईंनी एक फोन नंबर दिला, म्हणाल्या, विधवा म्हातारी आहे, एकटी असते, विचारून बघ. मी फोन लावून इंग्रजीत नाव सांगितलं. पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग थेट नगरकडच्या मराठीत प्रश्न आला, "जेवलीस का तू?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. नवरा सोडून दुसऱ्या कुणी हा प्रश्न मला विचारून फार दिवस झाले होते, एवढं आठवतं.

कुसुममावशी नगर जिल्ह्यातल्या एका दुष्काळी गावच्या, ख्रिस्ती घरातल्या. मिरजेला नर्सिंग शिकल्या आणि साठच्या दशकाच्या अखेरीला इथल्या एका लहान दवाखान्यात नोकरीला आल्या. ओमेर नावाचा तंबाखूचा शेतकरी हाताला जखम झाली म्हणून तिथे आला. त्याचे आईवडील बेल्जियमहून आलेले. जखम बरी झाली तरी तो ड्रेसिंगला येत राहिला, आणि शेवटी मावशींनीच त्याला सांगितलं की हाताला आता काही झालेलं नाही, काय बोलायचं ते बोल. हे सगळं त्या एका दमात सांगायच्या आणि पुढे विचारलं तर म्हणायच्या, "झालं की. अजून काय सांगायचं?"

त्यांची मराठी त्या निघाल्या त्या वर्षीच थांबलेली होती. माझ्या 'प्रॉब्लेम'ला त्या 'अडचण' म्हणायच्या, स्टेशनला 'ठेसन'. प्रार्थना मराठीतून, सामानाची यादी इंग्रजीतून, आणि राग आला की शिव्या फ्लेमिशमधून, ओमेरच्या घरच्या भाषेतून. त्या सासूकडून शिकलेल्या. पंप अडला की बेसमेंटमधून जे काही ऐकू यायचं, त्याचा अर्थ मी कधी विचारला नाही. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असायचं: "तेवढं ओलं चालतं." केक मधे कच्चा राहिला, चादर पुरती वाळली नाही, माझे बूट चिखलाने भिजलेले असले, सगळ्याला हेच. डॉक्टरांनी छातीत थोडं पाणी झालंय म्हणून सांगितलं, तेव्हाही त्या गाडीत बसल्यावर माझ्याकडे बघून हेच म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

मी तिथे राहायला गेले त्याच्या आदल्या शरद ऋतूत ओमेर वारला होता. त्याचे रबरी बूट मागच्या दाराशी तसेच होते. मावशी ते पुसून ठेवत नसत आणि हलवतही नसत. दर रविवारी चर्चनंतर त्या त्याच्या कबरीवर जात. ती दफनभूमी गावाबाहेरच्या वाळूच्या उंचवट्यावर आहे, आसपासची सगळ्यात कोरडी जागा. "जन्मभर ओल्यात काढलं, मेल्यावर तरी कोरड्यात झोपेन, असं म्हणायचा," मावशींनी सांगितलं. "मी त्याला म्हणायचे, मग मला कशाला नेतोस तिथं? मला ओलं आवडतं."

हे ओल्याचं प्रकरण मला नीट कळलं ते त्यांचं खालचं शेत बघितल्यावर.

तो सगळा भाग म्हणजे वाळूचं सपाट मैदान. हिमयुगातला बर्फ वितळत होता तेव्हा तिथे मोठं तळं होतं. वितळलेल्या पाण्याने त्यात वाळू आणून टाकली, तळं आटलं आणि वाळू राहिली. वरून बघणाऱ्याला वाटतं, वाळू आहे म्हणजे पाणी झिरपून जात असणार. उंचावरच्या शेतांत तसं होतंही. पण सखल जागी वाळूच्या खाली तळ्याच्या गाळाची घट्ट चिकणमाती असते. हिवाळ्याचा बर्फ वितळला की पाणी त्या मातीवर अडतं आणि वाळूतून वर वर येत राहतं. एप्रिलात कुदळीच्या पात्याएवढं खाली गेलं की पाणी लागतं, कधी तर वरच तळं साचतं. तीच जमीन ऑगस्टमध्ये पायाला चटके देते, मक्याची पानं सुरळी होऊन उभी राहतात. काळ्या मातीला ओल धरून ठेवायची सवय असते. या वाळूला ती नाही. वसंतात बुडालेली आणि उन्हाळ्यात तहानलेली, अशी ती जमीन.

मावशींचं खालचं शेत घराच्या मागे, पाइनच्या रांगेपलीकडे होतं. पहिल्या ऑगस्टमध्ये मी सहज म्हणून तिथे खड्डा खणला. तोवर मावशींना माझं काम म्हणजे कागदावर आकडे लिहायचे एवढंच वाटत होतं. त्या खुर्ची घेऊन आल्या आणि खड्ड्याच्या काठावर बसल्या. वर काळपट मातीचा थर, मग फिकट वाळू, आणि त्या वाळूत नारिंगी, गंजासारखे ठिपके.

"हे काय गं?"

"पाणी जिथवर चढतं ना मावशी, तिथे हे ठिपके पडतात. पाणी येतं, जातं, मातीतल्या लोखंडाला गंज चढतो. उन्हाळ्यात पाणी नसलं तरी वसंतात ते कुठवर होतं ते यावरून कळतं." मी आणखी खाली खणलं. करडी, गार वाळू लागली. मग कडा ढासळायला लागल्या आणि तळाशी हळूहळू पाणी जमलं.

मावशी वाकून बघत राहिल्या. "वर एवढी कोरडी आणि खाली हे," त्या म्हणाल्या. "माझी सासू अश्शीच होती. लग्नानंतर वर्षभर माझ्याशी बोलली नाही. आणि मला टायफॉइड झाला तेव्हा माझ्या उशाशी बसून रडली. मी डोळे उघडले तर म्हणाली, कांदा चिरत होते."

मग जरा थांबून त्यांनी मला त्या शेताची गोष्ट सांगितली. लग्न मार्चमध्ये झालं. दुसऱ्या दिवशी ओमेर त्यांना शेत दाखवायला घेऊन गेला. वरची शेतं दाखवली, तंबाखू सुकवायच्या लाल-हिरव्या खोल्या दाखवल्या, आणि खालच्या शेताशी येऊन तो अवघडला. सगळं शेत पाण्याखाली होतं. त्या पाण्यावर पांढरे हंस उतरले होते, उत्तरेकडे जाताना थांबलेले, शेकड्यांनी. त्यांचा गलका दूरवर ऐकू येत होता.

"तो माफी मागायला लागला, बघ. म्हणाला, हे शेत वाईट आहे, इथे लवकर काही पेरता येत नाही, पण मी जमिनीखाली पाईप घालून हे पाणी काढून टाकणार आहे. आणि मी नुसती बघत राहिले. आमच्या गावात विहिरीच्या तळाला उतरून वाटीवाटीने पाणी भरलेलं मी. माझी आई डोक्यावर हंडा घेऊन मैलभर जायची. आणि माझ्या नवऱ्याच्या शेतात पाणी नुसतं पडून आहे! मी म्हणाले, खबरदार पाईप घातलास तर. पाणी का कुणी फेकून देतं?"

"मग?"

"मग काय. हसला. म्हणाला, वर्षभर बघू. पुढच्या वर्षी परत विचारलं, मी परत नाही म्हणाले. मग तो दर मार्चला विचारायचा. थट्टेनेच. मग एका वर्षी विचारायचं बंद झालं." त्यांनी खुर्चीवरून उठायला माझा हात धरला. "बाकी सगळ्या शेतांत घातली त्याने पाईपं. इथे नाही."

पुढच्या मार्चमध्ये मी ते स्वतः पाहिलं. थंडी अजून होती. मावशींनी सकाळी मला उठवलं, ओमेरचा जुना कोट माझ्या अंगावर टाकला आणि आम्ही पाइनच्या रांगेपर्यंत चालत गेलो. पाण्याचा मोठा आरसा पसरला होता आणि त्यावर हंस.  थोड्या वेळाने मावशी हळू आवाजात एक मराठी भजन गुणगुणायला लागल्या, त्यांच्या गावच्या देवळात म्हणत असत ते. ख्रिस्ती देवळालाही त्या देऊळच म्हणायच्या. मी त्यांच्याकडे न बघता पाण्याकडे बघत राहिले.

शेतं खंडाने करायचा तो गॅरी. पन्नाशीचा, भल्या स्वभावाचा, बोलायला अवघडणारा माणूस. २०१७ च्या उन्हाळ्यात तो एका संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन बसला. कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून बराच वेळ हवामानाबद्दल बोलला. मग म्हणाला, "कुसुम, खालच्या शेतात माझी रताळी दोन वर्षं कुजली. मला उशिरापर्यंत ट्रॅक्टर घालता येत नाही तिथे. पाईप घातले नाहीत तर पुढच्या वर्षी मला खंड सोडावा लागेल. सगळ्याच शेतांचा. बाकी उरलेल्या एवढ्याशा जमिनीसाठी मशीन इथवर आणणं परवडत नाही मला."

गॅरी गेला, आणि त्याच आठवड्यात कॅलगरीहून मुलाचा फोन आला. पीटर वाईट मुलगा नव्हता. त्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली त्याने आईसाठी तयार ठेवली होती. "मॉम, यू कान्ट डू धिस अलोन," हे वाक्य मला फोनमधून, टेबलाच्या पलीकडे बसूनही ऐकू आलं. खंडकरी गेला तर शेत विकावं लागणार, आणि शेताबरोबर घर. मावशी "हं, हं" करत राहिल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी धुतलेला पालक परत एकदा धुतला, आणि ते पाणी टोमॅटोला घालायला बाहेर गेल्या. बराच वेळ आत आल्या नाहीत.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "तुझी कंपनी करील का ते काम?"

"मावशी, दुसरा काही मार्ग बघू. अर्ध्याच शेतात घालता येतील पाईप. थोडं पाणी ठेवता येईल."

"अर्धं नको," त्या म्हणाल्या. "ओमेर काही अर्धं करत नव्हता."

"तुम्हाला चालेल?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. हातावर थापलेली मक्याच्या पिठाची भाकरी. "तुला वाटतं त्याने विचारायचं का थांबवलं? त्याला कळलं होतं. तो एका मार्चला मागून आला होता, मी तिथे उभी असताना. मला दिसला नाही, पण त्याच्या बुटांचे ठसे दिसले परत येताना. तो येऊन, उभा राहून, तसाच मागे गेला होता. त्यानंतर पाईपाचं नाव नाही काढलं कधी. चाळीसेक वर्षं शेतकऱ्याने आपलं शेत बायकोसाठी पाण्यात ठेवलं. सगळे हसायचे त्याला. आता माझी पाळी."

त्यांनी तो तुकडा तोंडात घातला. मग म्हणाल्या, "आणि मला कॅलगरीला जायचं नाही. तेही खरंच आहे. उगाच मी मोठी त्यागमूर्ती आहे असं नको समजूस."

ऑक्टोबरमध्ये मशीन आलं. जमीन फाडत जाणारं आणि मागून काळा, भोकाभोकांचा पाईप खाली सोडत जाणारं. बारीक वाळू पाईपात शिरू नये म्हणून त्याच्यावर कापडाचा मोजा चढवलेला असतो. खाली ओली वाळू इतकी होती की हाताने खणलेला चर उभाच राहीना, कडा पुन्हा पुन्हा आत कोसळायच्या. मावशी दिवसभर येरझारा घालत होत्या. कामगारांना कॉफी, केक, परत कॉफी. संध्याकाळी शेवटचा पाईप शेताच्या कडेच्या मोठ्या चराशी आला. थोड्या वेळाने त्यातून पाणी यायला लागलं, आधी गढूळ, मग अगदी स्वच्छ, मनगटाएवढ्या धारेचं.

कामगार खूश झाले. गॅरीने टोपी काढली. मावशी ओमेरचे बूट घालून चरात उतरल्या. मी पहिल्यांदाच त्यांना ते बूट घातलेलं पाहिलं, पाय आत डुगडुगत होते. त्यांनी धारेखाली दोन्ही हातांची ओंजळ धरली, तोंड धुतलं, आणि तशाच ओल्या चेहऱ्याने वर आल्या. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना मी पाहिलं, पाईपाच्या तोंडाखाली एक बादली ठेवलेली होती. ती कधीच भरून वाहत होती. काही दिवस ती तिथेच राहिली. 

हिवाळा नेहमीसारखा गेला. मार्च आला तसं मला वाटायला लागलं की हंस येतील त्या सकाळी आपण घरी नसलो तर बरं. पण होतेच. हंसांचा आवाज स्वयंपाकघरात आला, मावशींनी गॅस बंद केला आणि कोट घेतला. मी पाठोपाठ गेले.

खालचं शेत काळंभोर, ओलसर, पण उघडं होतं. कुठेकुठे डबकी होती तेवढीच. हंसांचा थवा वरून आला, शेतावर खाली उतरला, इतका खाली की पंखांचा आवाज ऐकू आला. एक मोठी फेरी घेतली. मग दुसरी. मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग पुढचे पक्षी वळले आणि सगळा थवा त्यांच्यामागून रस्त्यापलीकडे, दुसऱ्या कुणाच्या तरी शेताकडे गेला. आवाज बारीक होत गेला.

"मावशी..."

"त्यांना कुठेतरी पाणी मिळेल," त्या म्हणाल्या. "त्यांचं काय अडतंय." आणि मग, माझ्याशी नाही, समोर बघत, इंग्रजीत म्हणाल्या, "देअर, ओमेर. युवर ड्राय फील्ड."

परत येताना वाटेत त्यांनी एकदा थांबून श्वास घेतला. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही.

एप्रिलमध्ये माझ्या नवऱ्याला हॅलिफॅक्सच्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम मिळालं. मावशींना सांगायला मला आठवडा लागला. त्या म्हणाल्या, "समुद्र आहे ना तिथे? मग बरं आहे. नवऱ्यापाशी राहावं." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. फक्त रोज माझ्या डब्यात काहीतरी जास्तीचं असायचं. थालीपीठ, नाहीतर गूळ घातलेला शिरा. तो गूळ त्या ब्रॅम्पटनहून माझ्याकडूनच मागवून ठेवत आणि मलाच खाऊ घालत.

जूनमध्ये, जायच्या आदल्या रात्री, त्या म्हणाल्या, "सकाळी मला दारात उभी करू नकोस. आईबापांना हात हलवला, ओमेरला हलवला, पीटरला विमानतळावर हलवला. माझा हात आता वर होत नाही." मी हसले, त्याही हसल्या. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून लांबलचक मराठी प्रार्थना केली. त्यात माझ्या नवऱ्याचं नाव होतं, परभणीतल्या माझ्या आईचं होतं, आणि गाडीच्या ब्रेकचंही होतं, कारण ते मी दुरुस्त करून घेतले नव्हते.

सकाळी उठले तर घर रिकामं. टेबलावर डबा बांधून ठेवलेला. मी सामान गाडीत भरलं, चावी खिडकीत ठेवली आणि एकदा तरी बघावं म्हणून मागे गेले.

खालच्या शेतात गॅरीची लावणी चालली होती. ट्रॅक्टरच्या मागे रोपं लावायचं मशीन, आणि त्यावर जमिनीला जवळजवळ टेकलेल्या खुर्च्यांवर माणसं बसलेली, दर हंगामाला जमैकाहून येणारी. त्यांच्या मधोमध कुसुममावशी. त्या मशीनवर बसणारे मागे तोंड करून बसतात, त्यामुळे मशीन पुढे चाललं होतं आणि त्या माझ्याकडे तोंड करून माझ्यापासून लांब जात होत्या. एक रोप उचलून मशीनच्या चिमट्यात द्यायचं, लगेच दुसरं, नजर हातावर. शेजारचा माणूस काहीतरी बोलला आणि त्या मोठ्याने हसल्या. चेहरा उन्हात चमकत होता. मान वर केली असती तर मी सरळ समोरच होते.

मी हाक मारली नाही. कोरड्या वाळूतली ती हिरवी ओळ त्यांच्या पायांशी सुरू होऊन माझ्यापर्यंत आलेली होती. शेताच्या टोकाला ट्रॅक्टर वळला आणि पुढच्या ओळीला लागला. आता त्या माझ्याकडे येत होत्या, पाठमोऱ्या. जवळ येत होत्या तसा खांद्यांचा उतार दिसायला लागला, मग मानेवरचे पांढरे केस, मग ब्लाउजवर घामाने उमटलेला ओला डाग. अगदी जवळ येईपर्यंत मी थांबले, आणि ट्रॅक्टर वळायच्या आत गाडीकडे निघाले.